शेवटच्या तीनशे किलोमीटरचे भाडे

उद्यमबागेत ओळखीचे एक फौंड्रीवाले आहेत. बिडाचे सुटे भाग ओततात, त्यातले थोडे अमेरिकेला जातात. परवा त्यांनी एक बिल पुढ्यात टाकले आणि म्हणाले, "समुद्राचे भाडे कळते हो. जहाज आहे, महिनाभर पाण्यात राहणार, घेऊ देत. पण शिकागोपासून इंडियानापोलिसपर्यंत फक्त तीनशे किलोमीटर. इथून निघालो तर पुणेसुद्धा यायचे नाही. तेवढ्याला एवढी बाडिगे? लारी काय चांदीची केलीय?"

त्यांच्या घरी आई कन्नड आणि वडील मराठी. रागावले की भाड्याला ते 'बाडिगे'च म्हणतात. शब्द दोन्हीकडे जवळजवळ तोच आणि दुखणेही तेच. पण प्रश्न चांगला होता. आपल्या सीमाभागातल्या पुष्कळ घरांचा या ना त्या कारणाने त्या मुलखाशी संबंध येतो. कुणाचा माल जातो, कुणाचा मुलगा पर्ड्यूला शिकतो, कुणाची लेक शिकागोतले घर मोडून इंडियानापोलिसला बिऱ्हाड हलवते. तेव्हा हे तीनशे किलोमीटर जरा नीट पाहू.

शिकागो हे अमेरिकेतले रेल्वेचे सर्वांत मोठे जंक्शन. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या रेल्वे कंपन्यांचे रूळ इथे येऊन भेटतात. बंदरावर उतरलेला कंटेनर बरेचदा मालगाडीवर बसून शिकागोच्या आसपास येतो. शहराच्या नैऋत्येला एलवूड नावाचे गाव आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचा सरकारी कारखाना होता. त्या जागेवर २००२ मध्ये बीएनएसएफ रेल्वेने कंटेनरचा मोठा तळ उघडला. आता त्या परिसरात गोदामेच गोदामे आहेत. कंटेनर तिथे उतरतो आणि पुढचा प्रवास ट्रकचा.

रस्ता सरळ आहे. शिकागोच्या दक्षिणेने पूर्वेकडे जायचे, इंडियाना राज्यात शिरायचे, गॅरी या पोलादाच्या गावाजवळ इंटरस्टेट ६५ धरायचा आणि दक्षिणेला वळायचे. गॅरी १९०६ मध्ये यू. एस. स्टीलने वसवले. पुढे दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. घाट नाही, वळण नाही. मध्येच पवनचक्क्यांचे रानच्या रान लागते. मग लाफायेट, ज्याच्या नदीपलीकडे पर्ड्यू विद्यापीठ आहे, आणि तिथून तासाभरात इंडियानापोलिस. खंबाटकीत आणि कात्रजला इंजिन तापवलेल्या आपल्या ड्रायव्हरला हा रस्ता म्हणजे अंगणच वाटेल. गाडी चालवायला साडेतीन तास पुरतात.

मग पैसे कशाचे? चालवण्याचे थोडेच. थांबण्याचे जास्त.

समजा ड्रायव्हर सकाळी सहाला एलवूडच्या गोदामाच्या दारात उभा आहे. माल चढेपर्यंत नऊ वाजले. साडेतीन तास गाडी चालली, साडेबारा झाले. पण इंडियानापोलिसच्या घड्याळात दीड वाजलेला असतो. शिकागो मध्य वेळेवर चालते आणि इंडियानापोलिस पूर्व वेळेवर. वाटेत एक जिल्ह्याची हद्द ओलांडली की एक तास नाहीसा. (इंडियानाचे हे वेळेचे प्रकरण मोठे गमतीचे आहे. २००६ पर्यंत राज्याचा बहुतेक भाग उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतच नसे. त्यामुळे उन्हाळ्यात ही दोन्ही शहरे एका वेळेवर असत आणि हिवाळ्यात एका तासाने वेगळी. पाहुण्यांना बोलावताना त्या लोकांची काय तारांबळ उडत असेल ते त्यांनाच ठाऊक.) दीडला पोचलेल्या ट्रकला तिथल्या गोदामाने दुपारची वेळ दिली असेल तर ठीक. नाहीतर रांग. सगळे सुरळीत झाले तरी उतरवून घेईपर्यंत साडेतीन-चार होतात. म्हणजे तीनशे किलोमीटरच्या कामाने अख्खा दिवस खाल्ला. त्या दिवशी हाच ट्रक लांबच्या वाटेवर असता तर आठ-नऊशे किलोमीटर गेला असता. त्या बुडालेल्या किलोमीटरचे पैसे मालक या तीनशे किलोमीटरवर टाकतो. म्हणून जवळच्या दोन शहरांमधले भाडे मैलाच्या हिशोबात महाग पडते. बहुतेक वाहतूकदार अशा अंतराला मैलाचा दर सांगतच नाहीत, एक किमान रक्कम सांगतात.

त्यात परतीचा प्रश्न. इंडियानापोलिसहून शिकागोला माल मिळाला तर बरे, नाहीतर रिकामा ट्रक परत आणायचा. रिकाम्या ट्रकलाही डिझेल लागते. आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना 'रिटर्न लोड' म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. तिकडेही धंद्याचे सगळे गणित त्याच दोन शब्दांवर फिरते. परतीचा माल शोधून देणारे दलाल तिकडेही आहेत आणि काही तर प्रचंड मोठ्या कंपन्या आहेत. मिनेसोटातली सी. एच. रॉबिन्सन ही त्यातली एक, १९०५ मध्ये सुरू झालेली. तिची ख्याती दुसऱ्यांच्या ट्रकांवर माल चढवून देण्याची. दलाल मालवाल्याकडून किती घेतो आणि ट्रकवाल्याला किती देतो, हा तिकडेही रोजचा भांडणाचा विषय आहे. कायद्याने तो हिशोब पाहण्याचा हक्क ट्रकवाल्याला आहे. पण करारात बारीक अक्षरात तो हक्क सोडून द्यायला लावतात.

आमच्या फौंड्रीवाल्यांचा माल मात्र पूर्ण ट्रकभर नव्हता. दोनच पॅलेट होते. पूर्ण ट्रक घेणे आणि पार्ट लोड टाकणे यात तिकडे जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्ण ट्रक म्हणजे ५३ फुटी बंद डबा, एका थरात २६ पॅलेट बसतात. मालासकट गाडीचे एकूण वजन ८०,००० पौंडांच्या वर, म्हणजे सुमारे ३६ टनांच्या वर जाता कामा नये. त्यात प्रत्यक्ष माल साधारण २० टन. बिडाचे कास्टिंग भरले तर डबा निम्मासुद्धा भरत नाही आणि वजन संपते. उलट थर्माकोल भरला तर डबा गच्च आणि वजन नावाला.

पार्ट लोडची रीत आपल्या पार्सल सर्व्हिससारखीच. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये गदगला एका ट्रकवर सुरू केलेला आणि पुढे हुबळीहून वाढवलेला व्यवसाय आपल्या डोळ्यांसमोर मोठा झाला. तिथे कसे चालते हे ज्याने पाहिले त्याला हे कळायला वेळ लागणार नाही. दुपारी लहान गाडी दारोदार फिरून पॅलेट गोळा करते. रात्री टर्मिनलवर माल उतरतो आणि गावागावाप्रमाणे दुसऱ्या गाड्यांत चढतो. रातोरात लांबच्या गाड्या निघतात. सकाळी पलीकडच्या टर्मिनलवरून पुन्हा लहान गाडीने घरपोच. शिकागोचा माल इंडियानापोलिसला एरवी दुसऱ्या दिवशी पोचतो.

पण दर ठरवण्याची तऱ्हा निराळी. तिकडे मालाचे १८ वर्ग आहेत, ५० पासून ५०० पर्यंत. वर्ग जितका खालचा तितके भाडे कमी. दणकट आणि जड माल खालच्या वर्गात, हलका आणि जागा खाणारा वरच्या. २०२५ च्या जुलैपासून या वर्गवारीत घनतेला आणखी महत्त्व आले आहे. बिडाला यात फायदा आहे. ४८ इंच लांब, ४० इंच रुंद आणि ३० इंच उंच असे पॅलेट घ्या, त्यावर २,००० पौंड माल. घनफूट होतात साधारण ३३. म्हणजे घनफुटाला ६० पौंड. पन्नासच्या वर घनता गेली की सर्वांत स्वस्त, ५० नंबरचा वर्ग.

आणि इथेच आमच्या गृहस्थांचे पैसे गेले. माल सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी उंच लाकडी खोके केले होते. आत वर बरीच पोकळी. टर्मिनलवर आता माप घेणारी यंत्रे असतात. यंत्राला आतले बीड दिसत नाही, खोक्याची उंची दिसते. उंची दुप्पट तर घनता निम्मी, वर्ग वर सरकला आणि बिलात फरकाची एक ओळ आली. अमेरिकेत त्यांनी हवेचे भाडे भरले, असे मी म्हटले तेव्हा ते हसले, पण जरा उशिराने.

दुसरी ओळ होती मागच्या फळीची. तिकडे हमाल नाही. म्हणजे ट्रकबरोबर येत नाही. ट्रकचा तळ जमिनीपासून चार फूट वर. मोठ्या गोदामांना तेवढ्याच उंचीचा धक्का असतो, ट्रक मागे लावला की फोर्कलिफ्ट सरळ आत. लहान कारखान्याला किंवा घराला धक्का नसेल तर खाली उतरणारी यांत्रिक फळी असलेला ट्रक मागवावा लागतो आणि तिचे पैसे वेगळे. घरी आणून द्यायचे वेगळे. वेळ ठरवून यायचे वेगळे. आपल्याकडे 'अरे, जरा हात लाव' म्हटले की चार माणसे गोळा होतात. तिकडे ड्रायव्हर माल फळीपाशी आणून देतो, पुढचे तुम्ही पाहायचे.

घर हलवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण त्या कागदावर असतात आणि कागद कुणी वाचत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेणाऱ्या कंपनीने पूर्ण किमतीची जबाबदारी घ्यायची असते. पण तुम्ही स्वस्तातल्या पर्यायावर सही केलीत तर ती जबाबदारी पौंडाला ६० सेंट एवढीच उरते. वीस पौंडांची हार्मोनियम फुटली तर १२ डॉलर हातात. आजोबांची होती, पंढरपूरहून आणली होती, याला त्या तक्त्यात रकाना नाही. दुसरे म्हणजे माल उतरल्यावर खोके उघडून पाहावे, फुटतूट असेल ती कागदावर लिहावी आणि मगच सही करावी. ड्रायव्हर घाईत असतो. असू दे.

त्याला घाई का असते, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. या साऱ्या हिशोबात मला सर्वांत बोचलेली गोष्ट तीच.

अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरला सलग दहा तास विश्रांती घेतल्यानंतर चौदा तासांची मुदत मिळते. त्या चौदा तासांत तो जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवू शकतो. आठ तास चालवल्यावर अर्धा तास थांबायचेच. कायदा चांगला आहे. झोपाळलेल्या माणसाच्या हातात ३६ टन देऊ नयेत. पूर्वी हे तास वहीत लिहीत आणि वही हवी तशी वळत असे. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत इंजिनाला जोडलेले यंत्र सक्तीचे झाले. आता मिनिटाचीही लपवाछपवी नाही.

पण ती चौदा तासांची मुदत एकदा सुरू झाली की, काही सवलती सोडल्या तर, थांबत नाही. गोदामाच्या दारात उभे राहिले तरी ती चालू. आणि मजुरी? लांब पल्ल्याचे पुष्कळ ड्रायव्हर मैलावर पैसे घेतात. चाक फिरले तर पैसे. दारात पहिले दोन तास थांबणे हे फुकटच, असा धंद्यातला सर्वसाधारण रिवाज. त्यानंतरचे पैसे मिळायला हवेत, पण मिळतीलच असे नाही, आणि मिळाले तरी ते ड्रायव्हरपर्यंत पोचतीलच असे नाही. शिवाय १९३८ च्या ज्या कायद्याने अमेरिकन कामगाराला जादा वेळेची दीडपट मजुरी दिली, त्याच कायद्याने अशा ड्रायव्हरांना त्या तरतुदीतून बाहेर ठेवले. आजही ते बाहेरच आहेत.

आता आपला सकाळी सहाचा ड्रायव्हर घ्या. गोदामाने त्याला दुपारी पाचपर्यंत ताटकळत ठेवले तर त्याच्या मुदतीत तीन तास उरतात आणि वाट साडेतीन तासांची आहे. मग तो काय करणार? वाटेत थांबायला जागा शोधणार, आणि ट्रक उभा करायच्या जागा तिकडे अंधार पडता पडता भरून जातात. किंवा वेग वाढवणार. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०१८ मध्ये यावर अहवाल दिला. थांबण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघाताचे प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा अंदाज आहे. या ताटकळण्यापायी पूर्ण-ट्रक वाहतुकीतल्या ड्रायव्हरांचे वर्षाला ११० ते १३० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडते, असेही त्यात आहे.

जागेचा प्रश्न किती जिवावरचा आहे हे २००९ मध्ये साऱ्या देशाला कळले. जेसन नावाचा एक तरुण ड्रायव्हर दुधाचा ट्रक घेऊन दक्षिण कॅरोलिनात वेळेआधी पोचला. गोदाम आत घेईना. जवळपास जागा नाही, म्हणून तो एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथे कुणीतरी त्याला गोळी घालून मारले आणि त्याच्या खिशातले सात डॉलर नेले. बायको जुळ्यांची वाट पाहत होती. ती उठली, तिने देशभर आवाज उठवला, आणि २०१२ च्या महामार्ग कायद्यात ट्रक थांबवण्याच्या जागांविषयीची तरतूद आली. लोक तिला 'जेसन्स लॉ' म्हणतात. तरीही जागांची टंचाई पुरती मिटलेली नाही.

कन्नडमध्ये वाट पाहणे आणि राखण करणे या दोन्हींना 'कायोदु' हा एकच शब्द चालतो. गोदामाच्या दारातला ड्रायव्हर दोन्ही एकदम करत असतो. माल त्याच्या ताब्यात, वेळ मात्र दुसऱ्याच्या.

हे असे का झाले, याचे मूळ १९८० च्या कायद्यात सापडते. त्याआधी कोणत्या कंपनीने कोणत्या वाटेवर कोणता माल न्यायचा आणि काय दर घ्यायचा, यावर केंद्राच्या आयोगाचा ताबा असे. मोटर कॅरिअर अॅक्टने तो सैल केला. ट्रकवाले वाढले, भाडी उतरली, माल स्वस्त झाला. मालवाल्याला आणि गिऱ्हाइकाला फायदा झाला हे नाकारता येत नाही. पण संघटनेच्या जोरावर मिळणारी मजुरी ढिली पडली. जुन्या मोठ्या संघटित कंपन्यांपैकी 'यलो' ही १९२४ पासूनची. २०२० मध्ये सरकारने तिला ७० कोटी डॉलरचे कर्ज दिले. तरी २०२३ च्या जुलैअखेरीस तिची चाके थांबली आणि ऑगस्टमध्ये दिवाळे निघाले. सुमारे ३०,००० माणसांचे काम गेले. पार्ट लोडचा माल त्या आठवड्यात इतरांच्या टर्मिनलवर धावला.

एक गोष्ट मात्र आपण सीमेवरच्या माणसांनी हेवा करावा अशी. इलिनॉयमधून इंडियानात शिरताना कुणी कागद मागायला उभा नसतो. वजनकाटे आहेत, तपासणी आहे, पण राज्य बदलले म्हणून वेगळी पावती नाही. ट्रकची नंबरप्लेट एका राज्याची असते, नोंदणीचे पैसे मात्र कोणत्या राज्यात किती मैल फिरलास त्या प्रमाणात वाटले जातात. डिझेलवरच्या कराचेही तसेच. मुख्य भूमीवरची ४८ राज्ये आणि कॅनडाचे १० प्रांत त्या करारात आहेत. ट्रकवाला दर तीन महिन्यांनी एकच हिशोब देतो आणि राज्ये आपसांत वाटून घेतात. आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके उठले, तेव्हा कागलच्या बाजूने जाणाऱ्या ड्रायव्हरांनी सोडलेला सुस्कारा निपाणीपर्यंत ऐकू आला असेल. पण २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी नाक्याजवळ ट्रकांवर जे दगड पडले, ते नंबरप्लेट वाचूनच पडले. शिकागोच्या वाटेवर नंबरप्लेट कुणी वाचत नाही.

भाषा मात्र विचारतात. ट्रक ड्रायव्हरला लोकांशी बोलण्यापुरते, पाट्या वाचण्यापुरते आणि तपासनिसाला उत्तर देण्यापुरते इंग्रजी यावे, असा नियम तिकडे १९३७ पासून आहे. मधल्या काळात तो सैल होता. २०१६ पासून इंग्रजी कच्चे म्हणून गाडी जागेवर थांबवत नसत. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि २५ जून २०२५ पासून जो ड्रायव्हर या कसोटीत उतरत नाही त्याला तिथल्या तिथे उतरवायला सुरुवात झाली. या धंद्यात पंजाबी शीख मोठ्या संख्येने आहेत. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला ग्रीनवूडच्या आसपास त्यांची चांगली वस्ती आहे आणि त्यातल्या कितीतरी घरांतून रोज पहाटे कुणीतरी ट्रकवर जातो. पाटी वाचता येणे गरजेचे आहे, यात वाद नाही. पण वीस वर्षे बर्फात गाडी चालवलेल्या माणसाला हातातल्या कागदावरच्या रस्त्याच्या खुणा दाखवून 'हे काय, सांग' असे रस्त्याच्या कडेला विचारले जाते, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.